मोजणीत न आलेली मुलगी

खडकीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच येते. 5 नोव्हेंबर 1817 ची दुपार, बापू गोखल्यांची घोडदळाची धाव, पर्वतीवरून लढाई पाहत उभा असलेला दुसरा बाजीराव, आणि मग पान उलटले की खडकी संपते. पुढे येथे छावणी पडली, 1858 साली आगगाडी आली, 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी-जेवणारी शेकडो कुटुंबे वसली. पण त्यांच्याविषयी लिहावे असे पुण्याच्या लेखकमंडळींना फारसे कधी वाटले नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या आडावर जेवढी शाई खर्च झाली आहे, तेवढी आमच्या अख्ख्या गावावर झालेली नाही. ही तक्रार नव्हे. लक्षात न येण्याची सवय आम्हा खडकीकरांना आहे, आणि मला तर ती घरातूनच लागली. म्हणून एका जुन्या कादंबरीचा इतिहास सांगण्याआधी थोडे घरचे सांगते.

आम्ही चार बहिणी आणि शेवटी एक भाऊ. मी तिसरी. थोरलीला थोरलेपणाचा मान, दुसरी दिसायला उजवी, चौथी धाकटी म्हणून लाडकी, आणि भाऊ तर नवसाचा. तिसरीच्या वाट्याला काय येणार? दोन बहिणींनी वापरून झालेला फ्रॉक! आई-वडील वाईट होते असे मुळीच नाही. वडील कारखान्यात कामाला, आई शिवणकाम करणारी; दोन खोल्यांत सात माणसे. लक्ष ही वस्तूसुद्धा रॉकेलसारखी मोजूनमापून वापरावी लागे, आणि माझ्यापर्यंत येईतो डबा रिकामा होई.

मी सातेक वर्षांची असताना आम्ही सगळे लोणावळ्याला एका लग्नाला गेलो होतो. परतताना लोकलमध्ये मला झोप लागली. खडकी स्टेशन आले, गडबडीने सगळी उतरली, वडिलांनी फलाटावर पोरे मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर! शेजारच्यांचा एक मुलगा आमच्यासोबत आलेला होता, तो पाचवा भरला. मी पुढे शिवाजीनगरला जागी झाले. तिथल्या एका हमालाने मला बाकावर बसवले, बशीत चहा ओतून दिला आणि वारंवार नाव विचारले. मी रडण्याच्या नादात आडनावच विसरले होते. घरी रात्री पाने मांडल्यावर एक ताट उरले, तेव्हा शोध सुरू झाला. वडील सायकलीवरून धापा टाकत आले. मला दांडीवर बसवून परत नेताना वाटभर ते एकच वाक्य पुटपुटत होते, "मोजली तर बरोबर होती गं."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे मनात धरून होते. रागाने नव्हे, त्यात काहीतरी चुकले आहे आणि ते काय हे सांगता येत नाही, अशा बुचकळ्याने.

दहावीची, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिकची, परीक्षा झाली त्या सुट्टीत खडकी बाजारातल्या रद्दीच्या दुकानातून थोरल्या बहिणीने वाण्याच्या पुड्यांसाठी कागद आणला. त्या गठ्ठ्यात एक पुस्तक होते. पुठ्ठा नाही, पहिली काही पाने नाहीत, कर्त्याचे नाव नाही. एक मुलगी आपल्या लहानपणची हकीकत सांगत होती. भावाशी होणारी भांडणे, आजीचा धाक, वडिलांचा कडक स्वभाव, सोसत राहिलेली आई. मी माळ्यावर चढून वाचू लागले. दुपारचा भोंगा झाला, संध्याकाळचा झाला, खालून हाका आल्या, त्या बहुधा दुसऱ्याच कुणाला होत्या. पुस्तक वाचून झाले तेव्हा अंधार पडला होता. मला त्या मुलीचे नाव कळले होते, यमू. पण ती कुणी निर्माण केली हे कळायला पुढची दोन वर्षे जावी लागली. पुस्तक होते हरि नारायण आपट्यांचे 'पण लक्षात कोण घेतो!'

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी ही कादंबरी वाचलेली असेल, तरुणांनी बहुधा परीक्षेपुरते नाव ऐकले असेल. वाङ्मयाच्या इतिहासात ती विधवांच्या दुःखाची कादंबरी म्हणून नोंदली गेली, आणि ते खरेच आहे. पण सोळाव्या वर्षी माळ्यावर बसून वाचणाऱ्या मला ती आधी एका पोरीची गोष्ट वाटली. घरात आहे, सगळ्यांच्या नजरेसमोर वावरते, आणि तरी कुणाला दिसत नाही, अशा पोरीची. आजही मला वाटते की या पुस्तकाचा पहिला भाग, यमूच्या लहानपणाचा, हा मराठीतल्या कुमारवयाच्या वाङ्मयाचा खरा आरंभ आहे. पंडितांना हे पटेल न पटेल.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. घर मोठे, चुलत्यांचा आधार मोठा. हे चुलते म्हणजे मुंबईच्या हायकोर्टातले वकील महादेव चिमणाजी आपटे. त्यांनीच पुढे 1888 मध्ये पुण्यात आनंदाश्रम स्थापन केला आणि त्याचा कारभार हरिभाऊंनी आयुष्यभर पाहिला. मुलगा पुण्यात शिकला, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकर यांच्या वातावरणात वाढला; 1882 साली विष्णुशास्त्री वारले तेव्हा अठरा वर्षांच्या या शिष्याने 'शिष्यजनविलाप' नावाची दीर्घ कविता लिहिली. 1883 मध्ये मॅट्रिक झाला, कॉलेजात गेला, आणि पदवी काही मिळाली नाही. गणिताने घात केला म्हणतात. मराठी कादंबरीचा हा मुख्य शिल्पकार अखेरपर्यंत मॅट्रिकच राहिला, हे वाचले तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! माझेही शिक्षण तिथेच थांबले. लहान मुलांना शिकवते, चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, आणि सभेत कुणी 'आपण कुठल्या विषयात एम. ए.?' असे विचारले की मी मनात हरिभाऊंचे नाव घेते.

1890 साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. त्या काळी 'केसरी' राजकारण घुसळीत होता, आगरकरांचा 'सुधारक' समाजाला फटके मारीत होता. हरिभाऊंनी निराळी वाट धरली. घरातल्या बायकामुलांनीही वाचावे, हसावे, रडावे, आणि जाता जाता विचार करावा, असे पत्र. ते पंचवीस वर्षांहून अधिक चालले. त्यातून त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' या सदराखाली सामाजिक कादंबऱ्या आठवड्या-आठवड्याने दिल्या, आणि त्यांत 1890 ते 1893 या काळात यमूची हकीकत आली. आज दिवाळी अंक पुरवून पुरवून वाचणाऱ्या आपल्याला त्या वाचकांची कल्पना थोडी करता येईल. (दिवाळी अंक ही चीज त्या वेळी जन्मलीच नव्हती, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजना'ने पहिला अंक काढला तो 1909 मध्ये.) आठवड्याला एक तुकडा, तो घरात एकाने मोठ्याने वाचायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून बाकीच्यांनी ऐकायचा. म्हणजे यमूची कैफियत तिच्यासारख्याच घरांत, तिच्या सासूसारख्याच सासवांच्या देखत वाचली जात होती. एवढी धाडसी योजना मला दुसऱ्या मराठी कादंबरीत दिसत नाही.

कादंबरीचा सांगाडा असा. यमू पुण्याच्या एका ब्राह्मण घरातली. आई मायाळू, पण सतत दबलेली. दादा, तिचा भाऊ, तेवढा तिचे ऐकून घेणारा. मैत्रीण दुर्गी, जिचा नवरा तिला छळतो. आई जाते, यमू सासरी जाते. नवरा रघुनाथराव सुधारलेल्या मताचा, बायकोला शिकवणारा. दोघे मुंबईला बिऱ्हाड करतात तेव्हा यमूच्या आयुष्यात प्रथम कुणीतरी तिला विचारून काही करते. हे मुंबईचे दिवस इतके साधे आणि उजळ लिहिले आहेत की वाचणाऱ्याला धास्ती वाटू लागते. आणि ती खरी ठरते. रघुनाथराव जातो. यमू पुन्हा पुण्याच्या घरात, शंकरमामंजींच्या तावडीत सापडते. तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते, आणि त्या धक्क्यातून ती उठत नाही.

तो काळ नुसता डोळ्यांपुढे आणावा. 1889 च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. पोट हातावर असलेल्या माणसांचा हा ठराव मोठमोठ्या शास्त्र्यांच्या वादापेक्षा मला थोर वाटतो. 19 मार्च 1891 ला संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे वय दहाचे बारा धरले गेले. त्यावरून पुण्यात केवढे रणकंदन माजले हे सर्वश्रुत आहे. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले. यमूचे प्रकरण छापून संपत होते तेच हे वर्ष.

आणि या सगळ्याच्या मधोमध, 26 फेब्रुवारी 1891 रोजी, देशभर खानेसुमारी झाली. घरोघर माणूस आले, नावे विचारली, वये विचारली, आणि रकाना भरला, अविवाहित, विवाहित, विधवा. त्या तक्त्यांत विधवांचे रकाने वयाप्रमाणे मांडलेले आहेत, आणि ते अगदी लहान वयापासून सुरू होतात. कुणाही मुलीला त्यांनी वगळले नाही. सरकारची मोजणी बरोबर होती!

हे प्रथम वाचले त्या दिवशी मला फलाटावरचे वडील आठवले. खानेसुमारीच्या कारकुनाने ज्या मुलीला एक आकडा म्हणून लिहिले, तिलाच त्याच महिन्यांत हरिभाऊ 'करमणुकी'त बोलायला लावीत होते. ते त्या वेळी सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. बाईचे मन बाईच्या तोंडून, 'मी' म्हणून, तीन वर्षे लिहीत राहायचे, आणि तेही असे की बायकांनी ऐकावे व 'खोटे आहे' असे म्हणू नये! हे त्यांना साधले कसे?

याचे उत्तर एका बाईपाशी जाते, आणि तिच्याकडेही आपण पुरेसे पाहिलेले नाही. काशीबाई कानिटकर, जन्म 1861, मृत्यू 1948. नवरा गोविंद वासुदेव कानिटकर, सुशिक्षित, कवी. त्याला शिकलेली बायको हवी होती. सासरच्या मंडळींना मात्र बाईच्या हाती पुस्तक खपत नसे. या कात्रीत काशीबाई चोरून-लपून, अक्षर अक्षर जुळवीत वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, 'पालखीचा गोंडा' लिहिली. हरिभाऊंचा आणि कानिटकर दांपत्याचा घरोबा होता. हरिभाऊंनी काशीबाईंना लिहिलेली पत्रे पुढे छापूनही निघाली. यमूच्या माजघरातले बारीकसारीक तपशील, कुजबुज, टोमणे, जेवणाच्या पंगतीतले मानापमान, हे पुरुषाला बाहेरच्या ओटीवर बसून दिसणारे नव्हेत. कुणीतरी सांगितले असेल आणि त्याने ऐकून घेतले असेल. माझा अंदाज आहे की यमूच्या आवाजात काशीबाईंच्या आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणींच्या आवाजाचा अंश आहे. अंदाज म्हणूनच तो घ्यावा.

आता थोडे परदेशी. यमूच्या बावीस वर्षे आधी, 1868 साली, अमेरिकेत लुइझा मे अल्कॉट नावाच्या बाईने चार बहिणींची एक गोष्ट प्रसिद्ध केली. 'लिटल विमेन' ते पुस्तक. आपल्याकडे शांताबाई शेळक्यांनी 'चौघीजणी' म्हणून त्याचे मराठी केले आणि दोन-तीन पिढ्यांच्या मुलींनी ते उशाशी ठेवले. मीही ठेवले, चार बहिणींपैकी तिसरी असल्यावर ठेवणारच. त्यातली तिसरी, बेथ, इतकी शांत आहे की ती घरात असल्याचे ती आजारी पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. लुइझाबाईंची स्वतःची बहीण एलिझाबेथ 1858 मध्ये, बाविसाव्या वर्षी वारली होती. तिचीच ही सावली.

त्या गोष्टीतली दुसरी बहीण, जो, वडील दूर इस्पितळात आजारी आहेत आणि आईच्या प्रवासाला पैसे हवेत म्हणून आपले लांबसडक केस कापून पंचवीस डॉलरना विकते. रात्री ती केसांसाठी रडतेही. 'चौघीजणी' मी यमूनंतर वाचली. त्या प्रसंगापाशी आले आणि पुस्तक मिटून बसले. दोन मुली, दोघींचे केस. एकीने आपले आपण कापले, घरच्यांनी हळहळून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरीचे धरून कापले, आणि कापणारे घरचेच. लुइझाबाई आणि हरिभाऊ यांची गाठ कधी पडली नाही, पडण्याचे कारण नव्हते. पण पोरीच्या केसांना तिच्या घरात काय किंमत आहे यावरून ते घर ओळखता येते, हे दोघांनाही कळले होते.

आपल्या मुलांच्या हाती आपण सहसा दुसरेच पुस्तक देतो, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले, 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले, आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्याचा चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. ते पुस्तक मला प्रिय आहे, वर्गात वाचताना माझा गळा दरवर्षी त्याच जागी दाटतो. पण एक गोष्ट बोलून टाकते. श्याम गरीब असला तरी भाग्यवान आहे. त्याच्या प्रत्येक चुकीवर आईची नजर आहे, प्रत्येक रुसण्याची तिला खबर आहे. ज्या मुलाला असे पाहणारे कुणी नाही, त्याला ते पुस्तक वाचून कधी कधी अधिकच एकटे वाटते. हे मला एका मुलीने शिकवले.

खडकीत माझ्या घरी रविवारी सकाळी सात-आठ मुली येतात. माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, आता आठवी-नववीत गेलेल्या. आम्ही एक पुस्तक घेतो, आळीपाळीने वाचतो, चिवडा खातो. गेल्या वर्षी मी यमू काढली. भाषा जुनी, वाक्ये लांब. मुली कंटाळतील असे वाटले होते. चार पाने झाली आणि त्या भांडू लागल्या. कुणाला आजीचा राग आला, कुणी आईवरच चिडली, "ती बोलत का नाही एकदा तरी?" केशवपनाचे प्रकरण मी वाचले नाही, नुसते सांगितले, तरी दोघी उठून पाणी प्यायला गेल्या.

भिंतीपाशी बसणारी एक मुलगी मात्र काही बोलत नसे. तिची मोठी बहीण माझ्या वर्गात होती. मोठी चुणचुणीत, गाणारी, स्पर्धांत बक्षिसे आणणारी. धाकटीही पुढे माझ्याच वर्गात येऊन गेली. ही मधली. शेवटच्या रविवारी मी सगळ्यांना विचारले, यमूविषयी एकेक वाक्य सांगा. तिची पाळी आली तेव्हा मी म्हटले, "हं, तू सांग," आणि तिच्या बहिणीचे नाव घेतले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "यमूला निदान दादा होता, बाई." आणि नंतर अगदी शांतपणे, तक्रारीचा स्वर न काढता, "ते नाव ताईचे आहे. वर्षभर तुम्ही मला त्याच नावाने हाक मारता."

बाकीच्या मुली हसल्या नाहीत, यावरून मला कळले की हे त्यांना ठाऊक होते. मी हजेरीची वही काढली. दर रविवारी मी मुली मोजून आकडा टाकते, चिवडा किती लागेल त्यासाठी. आठ, आठ, सात, आठ. एकही आकडा चुकलेला नव्हता.

मी तिची माफी मागितली. त्या वेळी शिवाजीनगरच्या बाकाची गोष्ट सांगावी असे ओठांपर्यंत आले होते, पण सांगितली नाही. तिच्या गोष्टीच्या जागी माझी गोष्ट आली असती. जाताना तिने यमूचे पुस्तक मागितले. तेच ते, रद्दीतले, पुठ्ठा नसलेले. मी म्हटले, याची पहिली पाने नाहीत, नवीन प्रत आणून देते. तर म्हणाली, "हेच द्या."

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी तिने ते परत आणले. खाकी कागदाचे कव्हर घातलेले, शिलाई मारून घट्ट केलेले, आणि गळालेली पाने दुसऱ्या प्रतीवरून आपल्या हाताने उतरवून, वहीच्या रेघी कागदावर, सुरुवातीला लावलेली. कव्हरवर पुस्तकाचे नाव, त्याखाली हरिभाऊंचे नाव. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तिचे स्वतःचे.